द्वारकाआक्काचा महादू ड्रायव्हर

द्वारकाआक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती भांडायलाच. त्या गावच्या सोसायटीत गटसचिव म्हणून हजर होऊन मला आठच दिवस झाले होते. रविवार होता, सुट्टी होती, आणि मी खोलीत बादलीतल्या अर्ध्या पाण्याकडं बघत बसलो होतो. मूळचा मी पालीचा. बिंदुसरेच्या धरणाशेजारी वाढलेला माणूस. बदली होऊन कडा गावाच्या अलीकडच्या या टँकरच्या गावात आलो, तेव्हा एका बादलीत अंघोळ, दाढी आणि कपडे कसे बसवायचे हेच मला उमगत नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं. दारात पन्नाशीची, उंच, काळीसावळी बाई. एक पाय ओढत आलेली, हातात डोक्यावर घागरीखाली ठेवायची कापडी चुंबळ.

"सचिव तुमीच का?"

"हो. आज सुट्टी आहे."

"सुट्टी तुमाला हाय. शिरेलीला न्हाई. चावी आना."

गावाचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून ठणठणीत आहेत आणि भांडायला कारण शोधत असतात. तर या गावाला चेअरमन साहेबांनी निवडणुकीच्या आधी रंगीत टीव्हीचा शब्द दिला होता, आणि निवडून आल्यावर तो पाळलाही होता. टीव्ही सोसायटीच्या गोदामात, लाकडी कपाटात. कपाटाला कुलूप, आणि चावी सचिवाकडं. माझ्या नेमणुकीच्या हुकमात हे कुठंही लिहिलेलं नसताना, दर रविवारी सकाळी कपाट उघडायचं आणि मालिका संपेपर्यंत युरियाच्या पोत्यांवर कोणी चढत नाही ना हे बघायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी आधीच तापट. पहिल्या महिन्यात मी द्वारकाआक्काला तीनदा गोदामाबाहेर काढायची धमकी दिली. तिन्ही वेळा तिनं "काडा की" म्हटलं आणि पुढं सरकून बसली.

दसरा झाला की या गावात ट्रक लागायचे. हातीपायी धड असलेला प्रत्येक माणूस टोळीत नाव घालून ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जायचा, तो पाडव्याच्या पुढं-मागं परत यायचा. मागं उरायची म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आणि द्वारकाआक्का. तिनंही बावीस हंगाम ऊस तोडला होता. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना एकदा पाय सटकला आणि खुबा मोडला. तेव्हापासून ओझं उचलणं बंद. नवरा आधीच गेलेला, एकुलती लेक दूर दिलेली. मागं उरलेल्या माणसांत बसून ती दर रविवारी मालिका बघायची आणि डोक्यात साठवून ठेवायची. टोळ्या परत आल्या की सहा महिन्यांची मालिका सगळ्या बायांना सांगायची.

सांगायची कुठं, तर टँकरच्या रांगेत. उन्हाळ्यात टँकरचं येणं म्हणजे त्याची मर्जी. कधी सकाळी नऊला, कधी दुपारी तीनला. बाया पहाटेपासून घागरी लावून लिंबाखाली बसलेल्या. उन्हानं डोकी तापलेली, घागर पुढं सरकवली म्हणून झिंज्या ओढण्यापर्यंत वेळ यायची. आदल्या सचिवानं मला सांगितलं होतं की एका उन्हाळ्यात पोलीस बोलवावे लागले होते. माझ्या काळात एकदाही बोलवावे लागले नाहीत. कारण आक्का लिंबाच्या बुडाशी, अधू पाय पालथ्या घागरीवर टाकून सांगायला बसली की भांडणारणी एकमेकींना गप्प करायच्या. "ए, थांब गं, शालिनीला घराबाहेर काढायलेत!" टँकर आला की आक्काची घागर आधी भरायची आणि कोणीतरी ती तिच्या दारात नेऊन ठेवायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. पण ओझं न उचलता येणाऱ्या बाईच्या घरात पाणी पोचत होतं ते यामुळंच.

मालिका मुंबईतल्या एका बंगल्यातली. धाकटी सून शालिनी, म्हणून गावात तिला शालिनीची शिरेल म्हणायचे. टीव्हीवर थोरली मालकीण कपाळाला आठी घालून म्हणायची, "हे काय चाललंय या घरात?" आक्काची मालकीण म्हणायची, "काय बया तमाशा लावलाय तुमी, आं? घर हाय का बाजार?" आणि खरं सांगतो, आक्काची मालकीण जास्त मालकीण वाटायची. सांगताना चुंबळ उजव्या हातात असली की आपण बंगल्यात. डाव्या हातात गेली की बंगल्याबाहेर. काही वाईट घडायचं असलं की ती चुंबळ गुडघ्यावर ठेवून तळव्यानं दाबायची. चुंबळ गुडघ्यावर गेली की बाया पदर तोंडाला लावायच्या. मी कार्यालयाच्या खिडकीतून बघायचो. पुढं पुढं मीही खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली. वाऱ्यासाठी, असं मी शिपायाला सांगितलं होतं.

एकदा रविवारी ऐन भरात लाईट गेली. शालिनीनं माहेरची चिठ्ठी उघडायला हात घातला आणि पडदा काळा. म्हाताऱ्यांनी हाय खाल्ली. सोनाजीबापू म्हणून एक म्हातारबाबा होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बसायचे सगळ्यांच्या पुढं. ते तर काठी आपटायला लागले. आक्का म्हणाली, "उठू नका कोनी. आता बघा." आणि तिथून पुढचा भाग तिनं सांगून टाकला. चिठ्ठीत काय होतं, शालिनीनं ती कशी फाडली, नवरा कसा आला, सगळं. पुढच्या रविवारी टीव्हीवर अर्थातच वेगळं निघालं. शालिनीनं चिठ्ठी जपून पेटीत ठेवलेली. बापू खवळले.

"ह्यांनी चुकीवलं. गेल्या रविवारी तर फाडून टाकली व्हती तिनं!"

मी म्हणालो, "बापू, गेल्या रविवारी लाईट नव्हती. ते आक्कानं सांगितलं."

"म्हंजे? मी काय आंधळा हाय का? माह्या डोळ्यानं बघितलं मी!"

त्या दिवसापासून मात्र मी त्या बाईकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

आता महादूचं सांगतो. त्या बंगल्यात महादू नावाचा ड्रायव्हर होता. दार उघडायचा, पिशव्या उचलायचा, एकदा शालिनीला उपाशी बघून त्यानं स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती. बास, एवढंच काम. सहा-सात भाग दिसला आणि नंतर दिसेनासा झाला. ना कोणी नाव काढलं, ना कोणी विचारलं. मला तर तो गेलेला कळलाही नव्हता. आक्का सोमवारी सकाळी कार्यालयात हजर.

"सचिव, महादू कुडं गेला?"

"कोण महादू?"

"ड्रायव्हर. चार रविवार झाले, दिसंना."

"अहो आक्का, काढला असेल. नट असतात ते."

"काडला तर काडला म्हनून सांगावं. मेला तर मेला म्हनून सांगावं. मानूस असा मधूनच जात नसतो."

मी हसलो. ती नाही हसली. टोळीत एक रीत असते. ट्रक निघताना मुकादम माणसं मोजतो, आणि हंगाम संपवून परत निघताना तीच मोजणी पुन्हा होते. निघताना जेवढी तेवढी भरली पाहिजेत. एखादं कमी असेल, तर का कमी आहे ते सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय ट्रक हलत नाही. बावीस हंगाम आक्का त्या मोजणीत उभी राहिलेली. तिच्या हिशेबी टीव्हीवाल्यांनी माणूस हरवला होता आणि ट्रक तसाच दामटला होता.

तिनं माझ्याकडून टीव्ही केंद्राला पत्र लिहून घेतलं. सोसायटीच्या छापील कागदावर, जावक नंबर टाकून. विषय: ड्रायव्हर महादू बेपत्ता असल्याबाबत. माझ्या नोकरीत मी पुष्कळ मूर्खपणाची पत्रं लिहिली, पण मनापासून लिहिलेलं हे एकच. उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

पाडव्याला टोळ्या परत आल्या. लिंबाखाली बैठक भरली, आणि मी खिडकीतून ऐकतो तो काय, महादू ड्रायव्हर गावाकडं गेलेला! त्याच्या मायच्या डोळ्यांना दिसंना झालं म्हणून तो रजा काढून गेला. गाव आपल्यासारखंच, पाण्यासाठी वणवण करणारं. तिथं त्यानं विहीर खणायला घेतली. मायला हाताला धरून दवाखान्यात नेली. शालिनीला त्यानं बहीण मानलेली, तिची काळजी त्याला तिथंही सुटेना. बाया ऐकता ऐकता डोळे पुसत होत्या. नंतर नंतर तर शालिनी मागं पडली आणि लोक नुसतं महादूचंच विचारायला लागले.

रविवारी टीव्हीवर महादू दिसायचा नाही. त्याचंही उत्तर आक्काकडं तयार. "टीवीवाले बंगल्यातलं दाखवतेत. गावाकडलं कोन दाखवनार? ते मी सांगते."

पण केसर होती. केसर म्हणजे टोळीतली सगळ्यात तिखट बाई, मुकादमाचीही चूक चारचौघांत काढणारी. तिनं भर रांगेत विचारलं, "पन आक्का, टीवीवाले दाखवीत न्हाईत तर तुला कोन सांगतं?"

आक्कानं कार्यालयाच्या खिडकीकडं बघितलं आणि म्हणाली, "सचिवाला पत्र येतं. मुंबईवरून."

मी खिडकीतच उभा. सगळ्या बायांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी मान हलवली. कशी हलवली ते देवाला ठाऊक. दुपारी तिला कार्यालयात बोलावून मी असा तापलो की शिपाई बाहेर निघून गेला.

"आक्का, मला कशाला गुंतवलं यात? खोटं बोलायची काही हद्द?"

"बोलले. कबूल हाय." ती शांतपणे म्हणाली. "मनानं सांगते म्हनले असते तर बसल्या असत्या का त्या? मनातलं ऐकायला उन्हात कोन बसतं? टीवीतलं हाय म्हनून बसतेत. आन् त्या उठून गेल्या तर माह्या घागरी कोन आनील सचिव, तुमी?"

माझ्या स्वतःच्या दोन बादल्या शिपाई आणून देत होता. त्या दिवसापासून रांगेतून कोणी "सचिव, आलं का पत्र?" विचारलं की मी "हूं" म्हणायचो. दोन उन्हाळे मी असा "हूं" म्हणत काढले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सोसायटीचं नवं गोदाम बांधून झालं. चेअरमन साहेबांनी ठरवलं की उद्घाटनाला टीव्हीवरचा नट आणायचा. त्यांनी स्वतः मालिका कधी बघितलेली नव्हती. म्हणाले, "बायांना इचारा, कोन पायजे." ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बाया जमल्या, आणि एका आवाजात उत्तर आलं, "महादू ड्रायव्हर!"

मी घाईनं मध्ये पडलो. "साहेब, नायक-नायिका आणू. ड्रायव्हरला कोण ओळखतं?"

"सचिव, लोकांचं ऐकायचं असतंय. न्हाईतर सहकार कशाला म्हनायचं बे?"

पत्ता शोधून पत्र धाडलं. मनात म्हणत होतो, येऊ नये. नटाचं नाव मोरेश्वर. उलट टपाली त्याचं कार्ड आलं: येतो. आक्काला मी हे सांगितलं तेव्हा ती चुंबळ फिरवत उभी राहिली. मी म्हणालो, "चार दिवस लेकीकडं जाऊन या. परत येईपर्यंत लोक विसरतील." तिलाही ते पटल्यासारखं दिसलं. पिशवी भरून ती एसटीच्या फाट्यापर्यंत गेलीसुद्धा. आणि तिथून पाय ओढत परत आली.

"जाऊन कुडं जाऊ? जे बोलायचंय ते माह्या तोंडावर बोलू द्या."

मोरेश्वरला आणायला मी कड्याला गेलो. नट म्हणजे जीपगाडी, काळा चष्मा असं काहीतरी डोक्यात होतं. एसटीतून उतरला तो चाळिशीचा, हडकुळा, इस्त्री मोडलेल्या शर्टातला माणूस. पहिलं वाक्य त्याचं: "मीच ना नक्की? म्हणजे, तुमची काही चूक नाही ना झाली?" मला त्याला सगळं सांगायचं होतं, पण साहेबांच्या जीपमध्ये दोन संचालक बसलेले, आणि दोघांच्याही बायका आक्काच्या रांगेतल्या. गावाच्या वेशीत जीप थांबवून बायांनी त्याला ओवाळलं. एकीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तो माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं.

मांडवात हलायला जागा नव्हती. आक्का पहिल्या रांगेत, पाय लांब करून. साहेबांचं भाषण कोणी ऐकलं नाही. मोरेश्वर बोलायला उभा राहिला, आणि त्यानं "नमस्कार" म्हणायच्या आत सोनाजीबापू काठी टेकत उठले.

"महादू, तुह्या मायचे डोळे कसे हायेत रे?"

मोरेश्वरनं बापूंकडं बघितलं. मग समोरच्या तोंडांकडं. मग त्याची नजर पहिल्या रांगेतल्या एका बाईवर गेली, जी एकटीच त्याच्याकडं बघत नव्हती. ती खाली मान घालून चुंबळ गुडघ्यावर दाबत होती. त्याला काय कळलं, किती कळलं, मी पुढं कधी विचारलं नाही. त्यानं हात जोडले. आवाज बदलला, खांदे जरा पडले, आणि माझ्या देखत तो महादू झाला.

"एका डोळ्यानं दिसायला लागलंय, बापू. दुसऱ्याचं दिवाळीनंतर करू म्हणालेत."

मांडवानं श्वास सोडला. केसर उठली. "आन् हिरीला पानी?"

त्यानं बाहेर बघितलं. मांडवाच्या कडेला टँकर उभा होता, पलीकडं तापून भेगाळलेलं रान. पाणी लागलं म्हणाला असता तर टाळ्या पडल्या असत्या.

"नाही," तो म्हणाला. "अजून ओलसुद्धा नाही लागली. पण खणतोय."

बाया हळहळल्या. आक्कानं मान वर केली. तिच्या गोष्टीतही विहिरीला अजून पाणी लागलेलं नव्हतं.

कार्यक्रम झाल्यावर साहेबांच्या घरचं जेवण सोडून मोरेश्वर आक्काच्या घरी गेला. मी बरोबर होतो. तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली आणि आधी तिला इतके दिवस छळणारा प्रश्न विचारला. "मधूनच कुडं गेलतास रे बाबा?"

तो ओशाळून हसला. "बंगल्यातली गाडी भाड्याची होती, आक्का. मालकानं ती परत नेली. निर्माते म्हणाले, गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला?"

"गाडी गेली म्हनून मानूस काडला?" आक्का थक्क झाली. "कमाल हाय तुमच्या लोकांची."

मग तो म्हणाला, "माझी गोष्ट सांगा मला." आणि दुपार कलेपर्यंत ती सांगत राहिली. माय, विहीर, दवाखान्याची पायरी, शालिनीला पाठवलेली बोरं. भाकरी तशीच वाळून गेली. मी आयुष्यात पुष्कळ माणसं रडताना बघितली, पण स्वतःचीच गोष्ट दुसऱ्याकडून पहिल्यांदा ऐकून रडणारा माणूस एकच बघितला.

"हे सगळं मला करायला मिळालं असतं तर..." तो म्हणाला.

"केलं की तू. आमी बघितलंय."

जाताना त्यानं तिच्या पायाला हात लावला. म्हणाला, "लेखकाला सांगतो मी हे. बघा तुम्ही."

त्या वर्षी पावसाळा नावालाच आला. श्रावणातही टँकर चालू. अशात एका मंगळवारी सोसायटीच्या पत्त्यावर कार्ड आलं. आक्कासाठी. "लेखकाला तुमचं सगळं सांगितलं. त्यांना आवडलं. येत्या रविवारी बघा, मी परत येतोय." मी ते आक्काला वाचून दाखवलं, तिनं तीनदा वाचायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. माझी बदलीही त्याच आठवड्यात आली होती, सोमवारी मला निघायचं होतं. तो रविवार म्हणजे माझा तिथला शेवटचा दिवस.

गोदामात सगळा गाव. पोत्यांवर माणसं, दारात माणसं. मी कुणाला हटकलं नाही. मालिका सुरू झाली. महादू दिसला तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग पडद्यावर तो चोरपावलानं बंगल्यात शिरला. शालिनीचं कपाट फोडलं. दागिने पिशवीत भरले. पोलिसांनी धरला तेव्हा मालकीण म्हणाली, आईच्या आजाराचं सोंग करून हा इतके दिवस चोरीचाच बेत करत होता. आणि महादू हसला. दात काढून, ओंगळ हसला. भाग संपला.

कोणी जागचं हललं नाही. बापू म्हणाले, "कोन व्हता त्यो?" मी पुढं होऊन टीव्ही बंद केला.

सगळ्या नजरा आक्काकडं. ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "त्याला काम भेटलं. लई चांगलं झालं." मग पोत्याला धरून ती उठली. उठायला तिला वेळ लागला.

"बायांनो, टीवीवाल्यांनी दाखवला त्यो त्यांचा महादू. आपला महादू मी मनानं केलेला. त्याची माय, हीर, समदं माह्या मनचं. पत्र-बित्र कदीच आलं न्हाई. सचिवाला उगं गुतवलं मी. दोन सालं तुमी माह्या घागरी वाहिल्या त्या ह्या खोट्यावर वाहिल्या. उद्यापासून नका आनू."

मला वाटलं आता केसर फाडून खाणार. ती उठलीच.

"आक्का, टपाल वाटतो त्यो माह्या नवऱ्याचा भाऊ हाय. सोसायटीला टीवीवाल्याचं किती टपाल आलं ते मला पयल्या सालापासून ठावं हाय. तुह्या नावाचं पयलं कार्ड आलं ते गेल्या मंगळवारी."

आक्कानं विचारलं, "मंग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर तू सांगायची थांबली असतीस."

मागून दोघी-तिघी म्हणाल्या, "आमालाबी ठावं व्हतं." मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्या माझ्याकडं बघून हसत होत्या. दोन उन्हाळे माझं "हूं" त्या ऐकून घेत होत्या, म्हणजे.

केसर म्हणाली, "घागरीचं ऱ्हाऊ दे. त्यो चोर न्हाई, येवढं सांग आमाला."

आक्का खाली बसली. चुंबळ उजव्या हातात घेतली, डाव्या हातात घेतली आणि खाली ठेवली. "न्हाई गं सुचत," ती म्हणाली. "त्याचं त्ये हासनं बघितलं आन् समदं गेलं डोक्यातून."

गोदामात कुजबुज झाली. मग केसर पुढं आली आणि टीव्हीकडं पाठ करून आक्कासमोर बसली. लोकही वळले.

"चोरी धाकल्या मालकानं, शालिनीच्या नवऱ्यानंच केली व्हती," केसर म्हणाली. "जुगारात घालवायला. महादूनं बघितलं. शालिनीचं घर मोडू नये म्हनून त्यानं दागिने सवताच्या पिशवीत घेतले."

"मंग हासत कावून व्हता?" दारातून कोणीतरी विचारलं.

"तिच्यासमोर रडू नये म्हनून. रडला असता तर तिला कळलं असतं."

बापूंनी काठी आपटली. "आन् माय? मायला कोनी सांगितलं का?"

"सांगितलं न्हाई. पन मायला एका डोळ्यानं दिसतंय आता. तिनं ऐकलं, पोरगं जेलात हाय. उठली, दोन भाकरी बांधल्या आन् निघाली मुंबईला. एकटीच."

केसर दम घ्यायला थांबली. द्वारकाआक्का दोन्ही हात हनुवटीखाली धरून बसली होती. तोंड जरासं उघडं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं. तिनं पुढं वाकून केसरचा पदर ओढला.

"सांग की गं. पोचली का ती?"